आमच्या उजेडाचा पंचनामा

माझा उघड आरोप आहे! पौड ते पुणे आणि पुणे ते मुंबई या वाटेवरच्या कुठल्यातरी कचेरीत एक साहेब बसलेला आहे, आणि त्या साहेबाने माझे अकरा अर्ज न वाचता बुडाखाली घातलेले आहेत. नाव माहीत नाही. माहीत असतं तर पहिल्याच ओळीत लिहिलं असतं. मी सातवी नापास माणूस आहे, पण कुणाच्या बापाला भीत नाही.

अकराही अर्जांचा विषय एकच. 'रानडुकरांकडून भातपिकाची नासाडी होत असलेबाबत.' माले गावात, डोंगराच्या पायथ्याला आमची पाच खाचरं आहेत. आंबेमोहर लावतो. त्या पाच खाचरांवर आमचं घर वर्षभर जेवतं, कारण माझ्या लिखाणावर अजून घोटभर चहासुद्धा निघालेला नाही. आदल्या वर्षी डुकरांनी त्यातली अडीच खाचरं अशी लोळवली की वाटावं, इथे रात्रभर कुस्त्यांचा फड झाला! मग फाल्गुनापासून आम्ही रेशनचा तांदूळ खाल्ला. तो भात ताटात वाढला की खडे पडल्यासारखा आवाज यायचा. डुकराला आपण मारलं तर तुरुंगात आपण. डुकराने आपल्याला उपाशी मारलं तर? तर अर्ज करा! केले ना अकरा!

म्हणून २००३ सालच्या दिवाळीत मी घरात जाहीर करून टाकलं, "यंदा एक लोंबी डुकराच्या तोंडी जाऊ देणार नाही. सरकारच आणून उभं करतो बांधावर!"

आमची मंडळी, म्हणजे सगुणा, चुलीपुढे बसली होती. वर न बघता म्हणाली, "सरकार यील तवा यील. तुमी या की दिवेलागणीला खाचरावर. हुर्र हुर्र करायला सरकार कशाला लागतंय?"

"मी हुर्र हुर्र करू? मग हे लिहिणार कोण?"

"व्हय, ते बी खरंच हाय," म्हणाली आणि डोक्याला पदर गुंडाळून रोजच्यासारखी निघून गेली. मी बारावा अर्ज काढला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी पडवीत कंदील लावून बसलो होतो. तोही धाकटा, काचेला तडा गेलेला. थोरला कंदील कुठे असतो ते विचारायच्या भानगडीत मी पडत नाही, घरातल्या वस्तू बायकांनाच ठाऊक. वीज नेहमीप्रमाणे गेली होती. 'महोदय' एवढं लिहून झालं आणि पुढचा शब्द सुचावा म्हणून मी मान वर केली.

डोंगर काळाकुट्ट झाला होता. आणि त्याच्यापुढे, अधांतरी, उजेड!

पिवळाधमक. गाडग्याएवढा. माथ्यापाशी क्षणभर थरथरला आणि सरसरसरसर तिरका खाली आला. आता आपटणार म्हणेपर्यंत हवेतच थांबला. थांबला तो थांबलाच! आणि मग, नीट ऐका, मागे गेला! आल्या वाटेने, हळूहळू, जत्रेतून घराकडे निघालेल्या म्हाताऱ्यासारखा विसावा घेत घेत वर गेला आणि माथ्यावर विझल्यासारखा झाला. पुन्हा पेटला. पुन्हा सरसर खाली!

माझ्या हातातला पेन पडला. तारा तुटतो हे मलाही माहीत आहे. पण तुटलेला तारा परत आपल्या जागेवर जाऊन बसलेला कुणी पाहिलाय? विमान म्हणावं, तर विमान पाठीमागे चालत नाही. कुणाचा आकाशकंदील वाऱ्याने सुटला म्हणावा, तर तो काय आपली वाट आपण शोधत परत जाईल?

माणसाला शिक्षण नसलं तरी कुतूहल असावं. मी पोरीच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला, एक डोळा मिटला आणि मापं घ्यायला सुरुवात केली. सहा पन्नासला पहिली फेरी. सात चाळीसला शेवटची. एकूण नऊ फेऱ्या. उताराचा कोन पस्तीस अंश. खाली यायला दहा मोजेपर्यंतचा वेळ, वर जायला दोनशे मोजेपर्यंतचा. आवाज : खळ्ळ खळ्ळ, बहुधा इंजिनाचा.

सव्वाआठला सगुणा घरी आली. मी म्हटलं, "अगं, आभाळात काय पाहिलं माहितीये का मी?"

"चांदण्या आसतील," ती म्हणाली. "सरका, भाकरी थापायच्यात."

बघा! असं असतं! शोध लावणाऱ्याच्या घरात त्याला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्या गावाला पारावर गोळा केलं. ठीक सहा पन्नासला उजेड आला. पुरुष मंडळी आ वासून उभी राहिली. नथू म्हणजे माझा शेजारी, आजवरच्या अकराही अर्जांवर पहिली सही त्याचीच. तो म्हणाला, "जनार्दना, हे परदेशी काम दिसतंय."

"कशावरून?"

"वेळेवर येतंय की रं!"

पटण्यासारखं होतं. कुणी म्हणालं, गावाशेजारच्या धरणावर डोळा ठेवलाय. कुणी म्हणालं, जमिनी मोजत्यात, पुण्याचे बिल्डर आता आभाळातनं मोजायला लागलेत. सकाळी नळावर धोंडाबाई भेटली. सत्तरीची बाई, तिचं खाचर आमच्या खाचराला लागूनच. तिला विचारलं तर डोळे मिटून म्हणाली, "देवाची दिवटी हाय ती, जनार्दना. तिच्याकडं बगू नगंस. डोळं जात्याल." आणि हंडा उचलून तरातरा निघून गेली. मला एक गोष्ट खटकली, ती नोंदवून ठेवतो. गावातल्या बायका त्या उजेडाकडे बघतच नव्हत्या. पुरुष पारावर मान मोडेपर्यंत वर बघताहेत आणि बायका त्या पुरुषांकडे बघून पदरात तोंड घालताहेत! अडाणीपणा, दुसरं काय!

आणखी एक नोंद. यंदा डुकरांचा त्रास एकदम कमी झाला होता. पाचही खाचरं सोन्यासारखी पिवळी होऊन उभी होती. माझ्या अर्जांचा धाक, हे मी नथूला बोलूनही दाखवलं.

"तर मग आता डुकरं सोड," नथू म्हणाला. "हे उजेडाचं लिव. लष्कराला लिव. आन् त्यात धरण घाल."

"धरणाचा काय संबंध?"

"आरं, डुक्कर म्हनलं की सायेब झोपतोय. धरण म्हनलं की उठून बसतोय!"

मी रात्र जागून लिहिलं. 'विषय : आभाळातील अनोळखी उजेड धरणाच्या बाजूस फेऱ्या मारीत असलेबाबत.' सोबत आकृती, वेळांचा तक्ता, कोनमापकाची मापं आणि सत्तावीस जणांच्या सह्या, त्यातले नऊ अंगठे. पौडाच्या पोस्टातून रजिस्टर करून पाठवलं.

आणि सहाव्या दिवशी लष्कर आलं!

वाचकहो, अकरा अर्जांना एक शिपाई फिरकला नव्हता. बाराव्याला दोन हिरव्या जीपगाड्या, आठ जवान, तीन पायांवर उभी राहणारी दुर्बीण आणि एक तरणाबांड कॅप्टन! गाड्या माझं नाव विचारत विचारत आल्या. गाव दुतर्फा उभं. मी धुतलेला सदरा घालून सामोरा गेलो आणि दिमाखात हात केला, "या, या, इकडून या!" पहिली जीप वळली आणि सरळ आमच्या खळ्यावर चढली.

"आगं आई गं!" सगुणा शेणाच्या हातांनी धावत आली. "काडा गाडी! काडा आधी! आज सकाळीच सारवलंय! धा-बारा दिसांनी त्याच्याव भात झोडायचाय, आन् तुमी चाकं फिरवताय?"

मी हळूच म्हटलं, "सगुणा, लष्कर आहे."

"आसंल! लष्कर काय भात खात न्हाई?"

कॅप्टन उत्तरेकडचा, त्याला ओ की ठो कळेना. पण त्याच्यासोबत एक मिशाळ सुभेदार होता, जयसिंग म्हणून, कोरेगाव बाजूचा. त्याने एकदा खळ्याकडे पाहिलं, टुणकन उडी मारली, आधी स्वतःचे बूट काढले आणि मग कॅप्टनला म्हणाला, "सर, जूते उतारिए. यहाँ अनाज आता है."

आणि कॅप्टनने काय केलं? त्याने बूट काढले. मोज्यांवर उभा राहून त्याने सगुणाला नमस्कार केला आणि जीप मागे घेववली. तिथेच मला माणूस आवडला.

पडवीत बसल्यावर त्याने माझा अर्ज उलगडला. आकृती अर्धा तास बघितली. तक्त्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "ये सब आपने खुद देखा?"

मी म्हटलं, "हां साहेब! मैंने मेरे खुद के डोळे से देखा! वो उजेड वरसे सरसर आता, मध्येच थांबता, और फिर आल्या वाटेसे पाठीमागे जाता!"

"पाठी… क्या?"

"रिवर्स, सर," सुभेदार म्हणाला.

"रिवर्स?" कॅप्टनचे डोळे चकाकले. काही माणसांच्या डोळ्यांत साहेबी असते, याच्या डोळ्यांत नवी भिंगरी बघणारं पोर बसलं होतं. "और ये पैंतीस डिग्री कैसे नापा?"

मी कोनमापक दाखवला. त्याने तो हातात घेतला, एक डोळा मिटला, डोंगराकडे धरला आणि म्हणाला, "बहुत अच्छा!"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता! मी घाईघाईने डुकरांच्या अकरा अर्जांच्या नकलाही पुढे केल्या. त्या सुभेदाराने अदबीने खाली ठेवल्या, वर पाण्याचा तांब्या ठेवला.

मग हुकूम सुटला. संध्याकाळी सहा ते नऊ, डोंगराकडे आणि डोंगराखालच्या खाचरांकडे कुणीही फिरकायचं नाही. माणूस नाही, जनावर नाही, बॅटरी नाही. आभाळ मोकळं पाहिजे.

"आन् भात?" सगुणाने मला आत बोलावून विचारलं. "संध्याकाळचं कुणी नसलं तर डुकरं काय ठेवतील का?"

"हा देशाचा प्रश्न आहे, सगुणा!"

"मी त्या उजेडाचंच सांगते सायबाला, म्हंजी…"

"तू गप! तुला काय कळतंय त्यातलं? हा संरक्षणाचा विषय आहे!"

तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण त्या नजरेचा अर्थ मला त्या दिवशी लागला नाही. पुढे तिसऱ्या दिवशी लागला.

पहिली संध्याकाळ. पारावर सारं गाव. दुर्बीण डोंगराकडे रोखलेली. कॅप्टनच्या हातात घड्याळ. सहा पन्नास झाले. सात झाले. सव्वासात. डोंगर गप्प. एक काजवा तेवढा आला, जवानांनी त्याच्याकडे दुर्बीण फिरवली, तो लाजून निघून गेला.

"उद्या येईल," मी म्हटलं. "आज बहुधा त्याची सुट्टी असेल."

सकाळी सगुणा रानातून आली. तिने चिखलाने माखलेली लोंब्यांची एक जुडी माझ्या तक्त्यावर आपटली. "पाचवं खाचर. आर्दं झोपवलं."

दुसरी संध्याकाळ. तेच! पारावरचं गाव आता जरा विरळ झालं. साडेसातला कॅप्टनने घड्याळ खिशात ठेवलं आणि मला बाजूला घेतलं. "आप पीते हैं?"

"फक्त चहा, साहेब!"

सुभेदाराने सह्यांचा कागद काढला आणि एकेकाला बोलवायला सुरुवात केली. बघा हं आता गावाची तऱ्हा! पहिला नथू. माझा जिवाचा नथू! ज्याने धरण घालायला लावलं तो नथू!

"उजेड पाहिला का तुम्ही?"

"मला संध्याकाळचं दिसतच न्हाई, साहेब. मोतीबिंदू हाय."

"मग सही कशी केली?"

"सकाळची केली."

दुसरा म्हणाला, मी रेशनकार्डाचा कागद समजून अंगठा दिला. तिसरा म्हणाला, जनार्दन पुढं करील त्याच्यावर आमी सही करतो, न्हाईतर तो वाचून दाखवतोय! सत्तावीसच्या सत्तावीस साक्षीदार उसाच्या पाचटासारखे गळून पडले. कॅप्टनचा चेहरा उतरला होता. रागाने नव्हे, ते मला जास्त लागलं. त्याला खरंच बघायचा होता तो उजेड! तो फक्त एवढंच म्हणाला, "कल आख़िरी शाम." सुभेदाराने पुढचं मराठीत सांगितलं, "उद्या न्हाई आला तर खोटी माहिती दिली म्हणून लिहावं लागंल, पाव्हणं. आमचाबी नाइलाज हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाचव्या खाचरातलं उरलेलं अर्धं गेलं होतं आणि चौथ्यातही नांगर फिरल्यासारखं झालं होतं. दोन संध्याकाळींत दीड खाचर! घरात दुपारी कुणी जेवलं नाही. चार वाजता सगुणाने पायात चपला घातल्या. धोंडाबाई दारात उभीच होती, काखेत दोराचं वेटोळं.

"कुठे निघालीस?"

"रानात."

"अगं, बंदी आहे!"

"डुकरांना हाय का बंदी?"

म्हटलं, सहाच्या आत येईल परत. आणि खरं सांगू का, मला माझी मान वाचवायची घाई होती. मी पडवीत बसून देवाला विनवत होतो, की बाबा, एकदाच, आज एकदाच ये!

तिसरी संध्याकाळ. पारावर मी, कॅप्टन, सुभेदार, जवान आणि माझी फजिती बघायला आलेला नथू. मोतीबिंदूसकट! सहा चाळीस. सहा पंचेचाळीस. माझ्या छातीत डबा वाजत होता. सहा पन्नास…

सर्रर्रर्र!

"आला! आला! साहेब, आला!" मी पारावरून खाली उडी मारली. "देखो! देखो! वरसे आता! थांबता! अब रिवर्स जायेगा, देखो!"

आणि गेला! माझ्या आकृतीबरहुकूम, पस्तीस अंशांत, इमानदार नोकरासारखा पाठीमागे गेला! जवान ओरडायला लागले. कॅप्टन घड्याळाचे आकडे पुकारत होता, एक जवान ते लिहून घेत होता, आणि ते माझ्या तक्त्याशी जुळत होते! कॅप्टनने माझ्या पाठीवर थाप मारली. नथू म्हणाला, "म्या आधीच म्हनलं हुतं!" मी नाचलो, वाचकहो. पंचेचाळीस वर्षांचा घोडा, मी त्या पाराभोवती नाचलो.

फक्त सुभेदार जयसिंग नाचत नव्हता. तो दुर्बिणीला डोळा लावून वाकला होता. तिसऱ्या फेरीला तो सावकाश म्हणाला, "सर, उसपे कुछ लिखा है."

परदेशी अक्षरं! माझ्या अंगावर काटा आला.

"क्या लिखा है?" कॅप्टनने कुजबुजत विचारलं.

सुभेदाराने दुर्बीण जरा फिरवली, डोळा बारीक केला आणि वाचलं, "शुद्ध शेंगदाणा तेल. पंधरा किलो."

पुढच्या अर्ध्या तासात आम्ही सगळे डोंगर चढलो. जवान पुढे, कॅप्टन मागोमाग, मी सगळ्यांच्या मागे, आणि तेही पाय दुखतो म्हणून. माथ्यावर पोचलो तर काय बघावं? एका खडकाला पाय देऊन सगुणा आणि धोंडाबाई मागे रेलून दोर ओढताहेत! अंधारातून तेलाचा डबा हेलकावत वर येतोय. डब्याची एक बाजू कापलेली, आत आमचा थोरला कंदील, आणि डब्याच्या चकचकीत पत्र्यावरून त्याचा उजेड दिवाळीसारखा फाकलेला. डब्याखाली आणखी दोन बारके डबे, आत खडे. खळ्ळ खळ्ळ!

आणि डबा कशावर टांगलेला? गवताच्या तारेवर!

आता ही तार काय ते बाहेरगावच्या वाचकांना सांगितलं पाहिजे, आणि सांगताना मला खाली बघावं लागणार आहे. आमच्याकडे डोंगरमाथ्यावरचं गवत कापलं की भारे डोक्यावर आणत नाहीत. माथ्यापासून खाचरांपर्यंत एक जाड तार ओढलेली असते. भारा आकड्याला अडकवायचा आणि द्यायचा सोडून, सरसर खाली! माझ्या आज्याच्या काळापासून ती तार तिथे आहे. मीच लहानपणी शेकड्यांनी भारे सोडलेत तिच्यावरून. पण गवताचे दिवस संपले की त्या तारेकडे कुणी बघत नाही. ती आहे हेच आम्ही विसरलो होतो. सगळे पुरुष!

कॅप्टनने दोन्ही बायांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि सुभेदारामार्फत विचारलं, "हे कोणी केलं?"

"म्या," सगुणा म्हणाली. "आमी दोगी खाचरवाल्या बाया. संध्याकाळचं डुकरं चारी अंगानं उतरत्यात. एक बाई कुटं कुटं पळंल? म्हून हितनं दिवा सोडायचा. सगळ्या खाचरांवनं वाजत जातो, वाजत येतो. दसऱ्यापासनं एक लोंबी गेली न्हवती. ह्ये तुमची बंदी आली आन् दीड खाचर गेलं!"

"तो बताया क्यों नहीं?" कॅप्टन.

सुभेदाराने ते मराठीत करायच्या आतच सगुणाला कळलं. तिने पदराने कपाळ पुसलं आणि त्या सगळ्या लष्करातून बरोबर मला हुडकून काढलं. मी नथूच्या मागे होतो.

"ईचारलं का कुणी?" ती म्हणाली. "घरात बायको हाय, तिला न्हाई ईचारलं. सरकारला ईचारलं! मी सांगाया गेले तर म्हनले, गप."

धोंडाबाई खिंकाळल्यासारखी हसली. "मला ईचारलं हुतं त्यानं! म्या म्हनलं, देवाची दिवटी हाय! लेकानं त्येबी लिवून घेतलं आसंल!"

घेतलं होतं. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात.

मला वाटलं, कॅप्टन आता मला त्याच तारेवरून सोडून देतो खाली. पण तो माणूस काही निराळाच! त्याने डब्याभोवती फेरी मारली. आकडा बघितला. काचेला वारा कसा लागत नाही ते हात घालून बघितलं. मग सगुणाला म्हणाला, "मैं एक बार?" आणि दोर हातात घेऊन त्याने डबा दिला सोडून! सरसरसर! खाली अंधारात धडाधड पावलं वाजली, पाच-सात डुकरं चीत्कारत ओढ्याकडे पळाली. कॅप्टन असा हसला, असा हसला! "तपासणीसाठी" म्हणत त्याने आणखी पाच वेळा डबा सोडला. मग जवानांनी एकेकदा सोडला. शेवटी सुभेदाराने सोडला आणि म्हणाला, "आमच्या म्हातारीला हे सुचलं असतं तर आमी फौजेत गेलो नसतो."

तो उजेड काय होता ते मलाही कळलं होतं, आणि तरीसुद्धा डबा खाली निघाला की मान आपोआप त्याच्यामागे वळायची. कळल्यावर तर तो जास्तच चांगला दिसत होता. हे मी खोटं सांगत नाही.

इथे गोष्ट संपली असती तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण सरकारी गोष्ट हसून संपत नाही, तिला पंचनामा लागतो! दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन आमच्या पडवीत आला. चेहरा पडलेला. रात्री त्याने वर कळवलं होतं, आणि वरून हुकूम आला होता. वस्तू जप्त करून अहवालासोबत पाठवा!

सुभेदाराने यादी केली. 'डबा मोठा, एक, एक बाजू कापलेला. डबे लहान, दोन. खडे, बारा. कंदील, चालू, एक. दोर, एक. आकडा लाकडी, एक.' वर सुतळी, सुतळीवर लाख, लाखेवर शिक्का. अहवालात लिहिलं, 'सदर उजेड घरगुती स्वरूपाचा असून त्यापासून देशास धोका नाही.'

"देशाला न्हाई धोका, पण भाताला हाय की ओ!" सगुणा म्हणाली. "आजून पाच दिस हायेत कापणीला! डबा नेला तर मी काय करू?"

कॅप्टनने मान खाली घातली. "रिपोर्ट के साथ जाना पड़ता है, माँजी. वापस आ जाएगा." कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं. जाताना त्याने खळ्याला लांबून वळसा घालून गाड्या काढल्या. नथू टाळ्या वाजवत होता.

गाड्यांची धूळ खाली बसली. हा अन्याय आहे! मी ताबडतोब कोरा कागद काढला, पाट मांडीवर घेतला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'विषय : तेलाचा डबा व कंदील विनाविलंब परत मिळणेबाबत.' म्हटलं, आता बघतोच एकेकाला! "सगुणा, तू काळजीच करू नकोस! असा झणझणीत लिहितो की…"

सगुणाने माझ्या हातातून पेन काढून घेतला. शांतपणे टोपण लावलं. माझ्यासमोर बसली.

"ह्येला उत्तर कवा येनार?"

"लवकर! बाराव्याला सहा दिवसांत लष्कर आलं होतं!"

"कापणी पाच दिसांवं हाय. साडेतीन खाचरं उभी हायेत. डबा गेला, कंदील गेला, दोर ओढून धोंडाबाईचं गुडगं गेलं." तिने बाहेर डोंगराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "आज दिवेलागणीला हुर्र हुर्र करायला खाचरावर कोन जानार? लिवू नगा. तोंडानं सांगा!"